पाळणा आणि हजेरीपट

कायदा राजधानीत संमत होतो. त्याची परीक्षा मात्र आडगावच्या कारखान्याच्या फाटकाशी होते. दिनांक २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता अमलात आणल्या आणि त्याबरोबरच १९६१ चा प्रसूतिलाभ अधिनियम सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. सव्वीस आठवड्यांची भरपगारी बाळंतपणाची रजा २०१७ च्या दुरुस्तीने आलेली होती. ती संहितेतही कायम राहिली. ह्या संहितांवर देशभर पुष्कळ वादंग झाले. कामगारकपात, संपाचा अधिकार, मुदतबंद नेमणुका ह्या विषयांवर दोन्ही बाजूंनी शाई खर्ची पडली. बाळंतिणीच्या रजेची चर्चा मात्र त्या मानाने कोणी केली नाही. ती आज आम्ही करू इच्छितो, आणि आमच्या वाचकांस कदाचित नवल वाटेल अशा एका प्रदेशाच्या निमित्ताने करू इच्छितो. तो प्रदेश म्हणजे मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके.

समुद्रकाठच्या माणसाला सातपुड्याच्या पायथ्याची ही गावे दूरची वाटतील. परंतु तेथील घराघरांत मराठी बोलली जाते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी नागपूर ही ज्या राज्याची राजधानी होती, त्याच राज्याचा हा भाग. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर पांढुर्णा-सौंसर पलीकडे राहिले. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी ह्या तालुक्यांचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा निर्माण झाला. बाहेरच्या जगाला पांढुर्ण्याची ओळख आहे ती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीची. पांढुर्णा आणि सावरगाव हे दोन काठ त्या दिवशी एकमेकांवर दगड भिरकावतात, ह्याची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत ह्या मुलखातली माणसे काय करतात, हे विचारण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

ती माणसे राबतात, आणि त्यांत बायकांचा वाटा मोठा आहे. कापूस आणि संत्रे ही येथली दोन मुख्य पिके. कापसाच्या मागोमाग जिनिंगचे कारखाने आले, संत्र्यामागोमाग निवडाई आणि पेटीभराईचे काम आले. सौंसर तालुक्यातील बोरगाव येथे औद्योगिक क्षेत्र वसले. तेथे रेमंडसारख्या नामांकित कंपनीची कापडगिरणी उभी राहिली. ह्या भूमीच्या पोटात मँगनीज आहे. येथील खडकांच्या एका मोठ्या समूहाला भूगर्भशास्त्रज्ञांनी सौंसरचेच नाव दिले आहे. कापूस वेचणारी, सरकी निराळी होते तेथे राबणारी, संत्री निवडणारी, यंत्रमागाशी उभी राहणारी स्त्री ही ह्या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी आहे. तिला दिवस गेले म्हणजे काय होते, हा आमचा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर एकच मिळत नाही, तीन मिळतात. बोरगावच्या मोठ्या कारखान्यात जी कायम कामगार आहे आणि जिचा पगार मर्यादेत बसतो, तिला कर्मचारी राज्य विमा योजनेतून सव्वीस आठवड्यांचे पूर्ण वेतन मिळू शकते, आणि त्यासाठी तिच्या मालकाला त्या वेळी वेगळी थैली सोडावी लागत नाही. जिनिंगमधल्या बाईला रजेचा हक्क आहे. पण तो हक्क मालकाने स्वतःच्या गल्ल्यातून पुरवायचा आहे. संत्र्याच्या बागेत रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला मालकाकडून मागण्याजोगे काहीच नाही. तिच्यासाठी सरकारी अनुदान तेवढे आहे. तिघी एकाच मोहल्ल्यात राहतात, एकाच विहिरीवर पाणी भरतात, एकाच सुईणीला हाक मारतात. बाळंतपणाच्या कळा तिघींना सारख्याच येतात. कायद्याचे हात मात्र त्यांच्यापर्यंत निरनिराळ्या अंतरावर पोहोचतात.

हे असेच असावे असा काही निसर्गनियम नाही, हे इतिहासावरून दिसते. १९२४ साली कामगार चळवळीचे अध्वर्यू ना. म. जोशी ह्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आणले. ते त्या वेळी फेटाळले गेले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात तशाच विधेयकाचा पुरस्कार करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मूळ तत्त्वालाच हात घातला. मातेला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा बराचसा भार खरे पाहता सरकारने उचलावयास हवा. परंतु सरकार तो उचलत नसेल तर जो स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेतो त्या मालकाने तो टाळता कामा नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ साली मुंबई प्रांतात कायदा झाला. त्या पाठोपाठ १९३० साली तसा कायदा केला तो मध्य प्रांताने, म्हणजेच ज्या प्रांतात पांढुर्णा व सौंसर होते त्या प्रांताने. पुढे १९४१ मध्ये खाणकामगार स्त्रियांसाठी वेगळा कायदा आला आणि अखेर १२ डिसेंबर १९६१ रोजी सबंध देशासाठी प्रसूतिलाभ अधिनियम झाला. गोमंतकीय वाचकांस ती तारीख ध्यानात ठेवणे सोपे आहे. त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी गोवा मुक्त झाला. सांगण्याचा मुद्दा असा की, सौंसरच्या बाईला बाळंतपणाचा हक्क दिल्लीने अलीकडे बहाल केलेला नाही. तिच्या प्रांताने तो पंचाण्णव वर्षांपूर्वी मान्य केला होता.

आता मालकाची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. तिची टर उडवून प्रश्न सुटत नाही. समजा, एका लहान कारखान्यात चाळीस माणसे आहेत आणि एका स्त्री कामगाराची सरासरी रोजी पाचशे रुपये आहे. सव्वीस आठवडे म्हणजे एकशे ब्याऐंशी दिवस. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली बी. शाह खटल्यात निर्णय दिला की, हा लाभ मोजताना रविवारही धरले पाहिजेत. म्हणजे रक्कम झाली ९१,००० रुपये. त्यांतला बाळंतपणापूर्वीच्या काळाचा भाग आगाऊ द्यावयाचा, आणि उरलेला भाग बाळंतपणाचा पुरावा हाती आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत. शिवाय तिच्या जागी दुसरी बाई उभी करावयाची, तिची मजुरी वेगळी. कापसाचा भाव पडलेला, बँकेचे हप्ते थकलेले, अशा हंगामात मालकाच्या कपाळाला आठ्या पडल्या तर त्यास दुष्ट म्हणण्याचे कारण नाही.

परंतु त्या आठ्या पडल्यावर पुढे काय घडते, तेही उघड बोलले पाहिजे. मालक कायदा मोडत नाही. तो कायद्याच्या वाटेतूनच बाजूला सरकतो. नव्याने लग्न झालेली मुलगी कामाला आली तर जागा भरली असे सांगितले जाते. लाभासाठी मागील बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेले असावे अशी अट आहे; तर पंचाहत्तराव्या दिवशी ठेकेदार नाव कापतो आणि आठवड्याने पुन्हा नवे नाव लिहितो. हजेरीपटावर दहा माणसे दिसू नयेत म्हणून दोन पट ठेवले जातात. बाईला चौथा-पाचवा महिना लागला की मुकादम तिला जड गाठीकडे धाडतो. ती आपण होऊन घरी बसते, आणि कागदोपत्री तिने स्वखुशीने काम सोडले असे होते. ह्यांतल्या कशाचीही तक्रार नोंदली जात नाही. ज्या कायद्याने स्त्रीला कामावर टिकवावयाचे, तोच कायदा तिला कामावर न घेण्याचे निमित्त ठरतो. ही आमच्या मते ह्या विषयातील सर्वांत मोठी शोकांतिका आहे.

ह्यावर उपाय काय? रजा कमी करा, असे काही जण सुचवितात. आम्हांस ते मान्य नाही. दुखणे रजेच्या लांबीत नाही. एकाच मालकाच्या खांद्यावर सबंध ओझे टाकण्यात ते आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००० साली संमत केलेल्या मातृत्व संरक्षण कराराने किमान चौदा आठवड्यांची रजा सांगितली, आणि त्याबरोबरच ह्या लाभाचा थेट खर्च सर्वसाधारणपणे एकट्या मालकावर पडू नये, तो सामाजिक विम्यातून अथवा सार्वजनिक निधीतून व्हावा, हे तत्त्व घालून दिले. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशात आजही सबंध राष्ट्रासाठी भरपगारी कौटुंबिक रजेचा कायदा नाही. १९९३ च्या तेथील कायद्याने दिली ती बारा आठवड्यांची बिनपगारी रजा. परंतु कॅलिफोर्नियाने २००४ पासून वर्गणीच्या निधीतून सवेतन रजा सुरू केली, आणि १ जानेवारी २०२६ पासून मिनेसोटा व डेलावेअर ह्या राज्यांतही असा लाभ मिळू लागला. तेथे लहान कारखानदारही आहेत आणि तेही कुरकुरले. पण रजेचे पैसे सामाईक निधीतून येणार म्हटल्यावर मालकाला एखादीचे बाळंतपण आपल्यावर कोसळलेले संकट वाटत नाही.

आपल्या देशात असा निधी नाही काय? आहे, आणि जुना आहे. १९४८ च्या कायद्याने कर्मचारी राज्य विमा योजना आली. १ जुलै २०१९ पासून तिची वर्गणी मालकाकडून वेतनाच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराकडून पाऊण टक्का अशी ठरली. वेतनाची मर्यादा २०१७ पासून महिना एकवीस हजार रुपये करण्यात आली. ह्या वर्गणीत आजारपण, अपघात, औषधोपचार ह्यांबरोबर बाळंतपणही येते. जुन्या कायद्याखाली ही योजना अधिसूचित क्षेत्रांपुरती होती. नव्या संहितेने ती अट काढून टाकली. दहा माणसांच्या आतल्या आस्थापनालाही मालक व बहुसंख्य कामगार राजी असतील तर तीत येण्याची वाट मोकळी केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे.

पण येथेच पांढुर्णा-सौंसरच्या नशिबी आलेली गोम आहे. ह्या योजनेतून हंगामी कारखाने वगळलेले आहेत, आणि १९४८ च्या कायद्याने हंगामी कारखान्याची जी व्याख्या केली तीत अगदी आरंभी नाव आले ते कापसाच्या जिनिंगचे. प्रसूतिलाभाच्या प्रकरणात मात्र हंगामी कारखान्याला अशी सूट नाही. अर्थ असा की, जो उद्योग ह्या मुलखाचा कणा आहे, त्याच्यावर रजेची जबाबदारी आहे पण विम्याचे छत्र नाही. वर्षातले काही महिने चालणाऱ्या कारखान्याकडून वर्षभराची वर्गणी कशी घ्यावी, ही अडचण १९४८ साली खरी असेल. आज प्रत्येक मजुराच्या खात्यात पैसे थेट जमा होतात, प्रत्येकाच्या नावाचा क्रमांक आहे. तेव्हा जितके दिवस काम तितक्या दिवसांची वर्गणी घेणे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. जिनिंगमालकांच्या संघटनांनी रजेविरुद्ध निवेदने देण्याऐवजी ही मागणी लावून धरावी, असा आमचा त्यांस आग्रहाचा सल्ला आहे. तीत त्यांचे हित आहे आणि त्यांच्या कामगारांचेही.

तोवर हातावर हात धरून बसावयाचे काय? तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याची जी गत होते तीच मग मालकाची होईल. वरच्याच उदाहरणातला हिशेब पुढे नेऊ. तोच कारखाना वर्षभर चालत असेल, सर्वांची रोजी पाचशेच्या आसपास असेल आणि महिन्यात सव्वीस दिवस काम असेल, तर वर्षाची एकूण मजुरी बासष्ट लाख चाळीस हजार होते. वर्षाला एक बाळंतपण धरले तरी ९१,००० ही रक्कम तिच्या दीड टक्क्याहून कमी आहे. दरमहा मजुरीच्या दिवशी शेकडा दीड रुपया वेगळ्या खात्यात टाकणारा मालक त्या दिवशी सावकाराच्या दारात उभा राहणार नाही. गावातल्या पाच-सात जिनिंगमालकांनी असे एक सामाईक खाते केले तर ओझे आणखी हलके होईल. नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदलली आहे. भत्त्यांचा भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाला तर जादा भाग वेतनात धरला जातो. तेव्हा मूळ पगार कमी दाखवून लाभ कमी करण्याची जुनी युक्ती आता तितकीशी उपयोगी पडणार नाही. हिशेबनिसाला हे आजच सांगून ठेवावे.

दुसरी तयारी माणसांची. बाळंतपण हे अपघातासारखे अवचित येत नाही. ते महिने आधी सांगून येते. पण बाईने ते मुकादमाला निर्भयपणे सांगावे असे वातावरण हवे. सांगितले की काम जाते, अशी धास्ती असेल तर ती पोट पदराखाली झाकून गाठी उचलत राहील, आणि मालकाला बदली माणूस शोधण्यास आठवडाही मिळणार नाही. एकेका कामावर दोन-दोन बाया तयार ठेवाव्यात. बाळंतपणापूर्वीच्या सहा आठवड्यांच्याही आधीचा एक महिना, तिने मागणी केल्यास, तिला जड व उभ्याचे काम देता येत नाही. बाळंतपणानंतर सहा आठवडे तर तिला कामावर घेण्यासच बंदी आहे. ह्या गोष्टी मुकादमाला पाठ असल्या पाहिजेत. ठेकेदाराच्या आड लपणेही आता सोडावे. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००० मध्ये सांगितले की, नाव कायम पटावर नाही एवढ्यावरून प्रसूतिलाभ नाकारता येत नाही.

तिसरी तयारी पाळण्याची. पन्नास वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनाला पाळणाघर ठेवावे लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे लागते. संहितेने एक चांगली सोय केली आहे. अनेक आस्थापनांनी पैसे एकत्र करून एकच पाळणाघर चालविले तरी चालते. बोरगावसारख्या औद्योगिक क्षेत्रासाठी तर ही तरतूद जणू मुद्दाम केलेली आहे. प्रत्येकाने कागदावर एक खोली दाखवून तीत रिकामी पोती ठेवण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक स्वच्छ, पाण्याची सोय असलेले, दोन जाणत्या बाया नेमलेले पाळणाघर चालवावे. रजा संपल्यावर बाई कामावर परत येते की नाही, हे बहुधा ह्या एका गोष्टीवर ठरते.

चौथी गोष्ट आमच्या अंतःकरणाच्या जवळची आहे. ह्या तरतुदींचा गोषवारा स्थानिक भाषेत, कामाच्या जागी ठळकपणे लावला पाहिजे, असे १९६१ च्या कायद्याने सांगितले आणि संहितेनेही ते कायम ठेवले. पांढुर्णा व सौंसरची राज्यकारभाराची भाषा हिंदी आहे; तिच्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण कापसाच्या ढिगाशी बसलेल्या बाईची भाषा मराठी आहे. फाटकावर मराठी फलक लावण्याने कोणाचे राज्य बुडत नाही. भाषेचा प्रश्न आम्ही एरवी सीमेच्या आणि संमेलनाच्या संदर्भात बोलतो. तो खरा येथे आहे. आपला हक्क आपल्या भाषेत वाचता येणे, ह्याहून भाषेचा मोठा सन्मान कोणता?

आणि पुरुषांचे काय? बाळंतपण बाईचे, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळली आहे. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरांना १९९७ पासून पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. खाजगी कारखान्यांतील बापासाठी असा कायदा नाही. २०१७ साली हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव ह्यांनी पितृत्व लाभाचे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. स्वीडनने १९७४ सालीच आईबाप दोघांना रजेचा अधिकार दिला. बापालाही रजा मिळू लागली तर एक अनपेक्षित लाभ होईल: बाई ठेवली तर रजा द्यावी लागते आणि बाप्या ठेवला तर नाही, हा मालकाच्या मनातला हिशेबच पुसला जाईल. कायदा येईल तेव्हा येवो. बाळंतपणाच्या आठवड्यात आपल्या कामगाराला आठ दिवस पगारी सुटी देण्यास कोणत्याही मालकाला कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

सरकारलाही आपल्या वाट्यातून सुटका नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात, तर २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान सहा हजारांचे वचन दिले होते. मध्य प्रदेश सरकारने २०१८ साली असंघटित श्रमिक स्त्रियांसाठी सोळा हजारांपर्यंतची प्रसूती साहाय्य योजना सुरू केली, हे त्या राज्याला भूषणावह आहे. परंतु सव्वीस आठवड्यांच्या मजुरीशी ह्या रकमा ताडून पाहिल्या म्हणजे संत्र्याच्या बागेतील बाई आणि गिरणीतील बाई ह्यांच्यामधील दरी केवढी आहे ते कळते. आंबेडकरांनी १९२८ साली सरकारच्या वाट्याविषयी जे म्हटले, त्याचे देणे अद्याप फिटलेले नाही.

हे सर्व वाचून आमचे वेर्ण्याचे आणि कुंडईचे कारखानदार, बाजारपेठांतील दुकानदार म्हणतील की, ही सातपुड्यापलीकडची कथा आहे. त्यांनी आपल्याच हजेरीपटावर एक नजर टाकावी. गेल्या पाच वर्षांत किती स्त्रियांनी रजा घेतली, किती परत आल्या, आणि किती जणींना लग्नाची तारीख विचारून दारातूनच परत पाठविले, ह्याचा हिशेब त्यांनी स्वतःशीच करावा.

जाम नदीच्या दोन काठांवरून वर्षातून एकदा दगड फेकले जातात. त्या दिवशी दोन्हीकडची माणसे जखमी होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकाच बाजारात भेटतात. मालक आणि कामगार ह्यांचे नाते ह्याहून निराळे नाही. बाळंतिणीची रजा हा एकाने दुसऱ्यावर भिरकावण्याचा दगड होऊ नये. आज जो पाळण्यात आहे तोच उद्या त्या कारखान्याच्या फाटकाशी कामासाठी उभा राहणार आहे. त्याच्या आईला आपण कसे वागविले, हे त्याला कोणी सांगितले नाही तरी त्याच्या अंगपिंडावर ते लिहिलेले असेल.